आरोपपत्रात सैतानाचे नाव नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या फोंडा तालुक्यातील एका गावात कॉलेजच्या मुलांच्या बँडचा कार्यक्रम ग्रामस्थांच्या तक्रारीवरून आदल्या दिवशी रद्द झाला. त्यानंतरच्या रविवारी आपल्या पुरवणीत या मुलांच्या संगीतप्रकारावर, म्हणजे ‘ब्लॅक मेटल’वर, पानभर लेख आला. शीर्षकात ‘सैतानी’ हा शब्द होताच. मजकुरात तो मी मोजला, तेव्हा १४ वेळा निघाला. या संगीताने नॉर्वेत ५० चर्च जाळली, एका वादकाचा सैतानाला बळी दिला आणि तेच लोण आता गोव्यात येऊ घातले आहे, असा लेखाचा एकूण आशय होता.

मी ३२ वर्षे न्यायालयात नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. इतकी वर्षे निकालपत्रे हाताखालून गेल्यामुळे एक सवय जडली आहे. घडले काय, ते केले कोणी आणि त्यातले सिद्ध किती झाले, या तीन गोष्टी मी वेगवेगळ्या वाचतो. आपल्या लेखात त्या तिन्हींची सरमिसळ झाली आहे, म्हणून हे पत्र. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. रद्द झालेल्या कार्यक्रमात ड्रम वाजवणारा मुलगा माझा नातू, मुलीचा मुलगा आहे. तेव्हा या प्रकरणात माझा हितसंबंध आहे, तो नोंदवून घ्यावा.

प्रथम या संगीताविषयी. मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो. नातवाने ‘आबा, आयकून तरी पळयात’ म्हणून कानाला यंत्र लावले, तेव्हा मी दहा मिनिटे कशीबशी काढली. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ मधील अल्बमवरून आले. पण त्याला आजचे रूप दिले ते नॉर्वेच्या मुलांनी १९९० च्या आसपास. गिटारच्या तारांवर एकच स्वर अतिवेगाने छेडत राहायचा, गायकाने घसा फोडून किंचाळायचे आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम खरखरीत ठेवायचे, ही त्याची रीत. ड्रमवर ज्याला ते ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात, त्यात आघात इतके लागोपाठ पडतात की, माझ्यासारख्याला लय सापडतच नाही. दोन आघातांमध्ये जी जागा असते तिला आम्ही लय म्हणतो, आणि इथे जागाच शिल्लक ठेवलेली नाही. हे माझे मत झाले आणि ते एका म्हाताऱ्या पखवाजियाचे आहे. नातू म्हणतो की, ती भिंत आहे आणि भिंतीलाच कान लावायचा असतो. असेल.

राहिला प्रश्न चेहरा प्रेतासारखा पांढरा-काळा रंगवण्याचा. आपल्या लेखकाला त्या रंगात सैतान दिसला. दशावतारी काल्यात काळ्या वेषातला संकासुर लांब जीभ काढून मंडपात शिरतो, तेव्हा आमच्या पिढीतली पोरे आईच्या पदराआड लपत आणि तिथूनच त्याच्याकडे डोकावून पाहत. दिवाळीच्या आदल्या रात्री अख्खा गोवा कागदाचे, गवताचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे करून त्यांच्यापुढे पहाटेपर्यंत जो आवाज करतो, तो ऐकल्यावर कोणत्याही गोंयकाराने मोठ्या आवाजातल्या राक्षसी संगीताविषयी तक्रार करण्यापूर्वी थोडे थांबावे. भीतीचे सोंग काढणे हा गुन्हा नव्हे. नॉर्वेत जे गुन्हे घडले ते सोंगातले नव्हते. आणि ते नेमके कोणते होते हे आपल्या वाचकांना नीट सांगितलेच गेले नाही.

ओस्लो शहरात १९९१ मध्ये ओयस्टीन आर्सेथ नावाच्या तरुणाने रेकॉर्डचे एक दुकान उघडले. त्याचे नाव ‘हेल्वेते’, म्हणजे नॉर्वेजियन भाषेत नरक. आर्सेथ हा मेहेम या बँडचा गिटारवादक. मंचावर तो ‘युरोनिमस’ हे नाव लावी. काळ्या रंगाने रंगवलेल्या या दुकानात आणि त्याच्या तळघरात आजूबाजूच्या बँडमधली मुले जमत. यातल्या प्रत्येकाचे वय पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. खुद्द आर्सेथ तेव्हा २३ वर्षांचा होता. बर्गन शहरातून येणारा, ‘बुर्झुम’ या नावाने एकट्यानेच संगीत करणारा वार्ग विकेर्नेस १८ वर्षांचा. एम्परर या बँडचा ड्रमर बोर्ड आइथुन, ज्याला सगळे ‘फाउस्ट’ म्हणत, तो १७ वर्षांचा. यांच्यात कोण अधिक दुष्ट बोलतो याची चढाओढ चाले; आणि जो बोलतो पण करत नाही तो खोटा, असा त्या तळघरातला दंडक होता. गावच्या नाक्यावर विशीतली चार पोरे जमली की शर्यत लागतेच. आपल्याकडे ती मोटारसायकलची असते.

दुकान उघडण्यापूर्वीच एक मृत्यू घडून गेला होता. १९९१ च्या एप्रिल महिन्यात मेहेमच्या २२ वर्षांच्या स्वीडिश गायकाने, जो ‘डेड’ हे नाव लावी, बँडच्या राहत्या घरी आत्महत्या केली. तो खिन्न आणि एकाकी होता, हे त्याच्या सोबत्यांना दिसत होते. मृतदेह प्रथम आर्सेथने पाहिला. आणि पोलिसांना बोलावण्यापूर्वी त्याने कॅमेरा आणून छायाचित्रे काढली. बँडमधल्या बास गिटार वाजवणाऱ्याने ती छायाचित्रे जाळून टाकायला सांगितले आणि तो बँड सोडून गेला. पुढे १९९५ मध्ये त्यातलेच एक छायाचित्र एका चोरट्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर छापले गेले. आपल्या लेखात या मुलाचा उल्लेख ‘सैतानाला आत्मा वाहिलेला गायक’ असा आहे. कोणी आजारी मुलगा वेळीच डॉक्टरकडे नेला गेला नाही, या साध्या आणि कठीण गोष्टीवर असे शब्द घातले की, मग कोणालाच काही विचारावे लागत नाही.

आता चर्चविषयी. बर्गनजवळच्या फान्टोफ्ट येथील लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी जळाले. आपण त्याला ‘एक जुने चर्च’ एवढेच म्हटले आहे, म्हणून थोडे अधिक लिहितो. हे ‘स्टाव्ह’ पद्धतीचे, म्हणजे उभ्या खांबांवर रचलेले आणि डांबर माखून पावसापासून जपलेले लाकडी चर्च होते. मुळात ते सुमारे ११५० साली सोग्न भागातील फोर्टुन या गावी बांधले गेले. एकोणिसाव्या शतकात ते पाडले जाण्याची वेळ आली, तेव्हा एका धनिकाने ते विकत घेतले, खांब न् खांब सुटा केला आणि १८८३ मध्ये फान्टोफ्टला आणून पुन्हा उभारले. नॉर्वेत अशी मध्ययुगीन चर्चे एके काळी हजाराच्या घरात होती असे मानतात. आज त्यांतली २८ उरली आहेत. जुन्या, वाळलेल्या, डांबर प्यालेल्या लाकडाला एकदा आग लागली की हाती राख उरते. फान्टोफ्टचे चर्च १९९७ मध्ये तंतोतंत पुन्हा बांधले गेले, पण बाराव्या शतकातले लाकूड कुठून आणणार?

मी राहतो त्या म्हार्दोळात हे वाचताना मन थोडे हलते. आमची म्हाळसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतली देवळे मोडली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी तिला जुवारी पार करून या बाजूला आणले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. मोडणाऱ्यांपासून वाचवून दुसरीकडे नेऊन मांडलेले देवस्थान म्हणजे काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. फान्टोफ्टचे चर्चही तसेच वाचवून नेलेले होते. म्हणूनच विकेर्नेसने पुढे जे समर्थन मांडले ते आपल्या लेखकाने गाळले, याचे मला आश्चर्य वाटले. कारण गोव्यात नेमके तेच सर्वांत काळजीपूर्वक वाचले जायला हवे. त्याचे म्हणणे सैतानाविषयी नव्हतेच. हजार वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्माने आमचे जुने देव आणि जुनी स्थाने नष्ट केली, त्याचा हा सूड आहे, असे तो सांगत असे. हे वाक्य नावे बदलून आपल्याकडच्या कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळेल आणि मान डोलावणारेही मिळतील. पण स्टाव्ह चर्चच्या छपरांच्या टोकांवर ड्रॅगनची मस्तके कोरलेली असतात, दारांच्या चौकटींवर एकमेकांत गुंतलेली श्वापदे असतात. त्या देशाच्या जुन्या हातांची जी कला टिकली ती याच भिंतींवर टिकली. जुन्या देवांच्या नावाने पेटवलेल्या आगीत आधी जळाले ते हेच. आमच्या पूर्वजांवर खरोखर अन्याय झाला होता. त्यांनी मूर्ती उचलली आणि होडीत बसले. वेर्ण्याला आग लावायला परत कोणी गेल्याचे मी ऐकलेले नाही.

त्या उन्हाळ्यापासून आगींची मालिकाच सुरू झाली. ऑगस्टमध्ये ओस्लोचे होल्मेनकोलन चॅपेल, सप्टेंबरमध्ये विंडाफ्योर्ड येथील श्योल्ड चर्च, आणि नाताळच्या आदल्या रात्री बर्गनचे ओसाने चर्च. १९९६ पर्यंत नॉर्वेतील चर्चवर आगीचे सुमारे ५० हल्ले झाले, असा आकडा सर्वत्र दिला जातो आणि आपला आकडा तिथूनच आला असावा. पण हे हल्ले होते; त्या सगळ्यांत चर्च पूर्ण जळाले असे नाही, सगळे एका टोळक्याने केले असे नाही आणि सगळ्यांचा निकाल लागला असेही नाही. विकेर्नेसवर सिद्ध झाले ते वर दिलेल्या तीन चर्चना आग लावल्याचे आणि चौथ्या एका ठिकाणी तसा प्रयत्न केल्याचे. इतर बँडमधले काही वादकही वेगवेगळ्या आगींसाठी दोषी ठरले. आणि ज्या फान्टोफ्टमुळे त्याचे नाव जगभर झाले, त्या आरोपातून ज्युरीने त्याला सोडले! न्यायाधीशांना ज्युरीचा हा निर्णय चुकीचा वाटला, तरी तेवढ्यासाठी त्यांनी सगळा खटला उलटवला नाही. आपल्या लेखातले ‘फान्टोफ्ट जाळल्याबद्दल जन्मठेप भोगलेला’ हे वाक्य म्हणून दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. आमच्या कचेरीत असे टिपण कोणी ठेवले असते तर ते त्याच पावली परत गेले असते.

याच काळात, २१ ऑगस्ट १९९२ च्या रात्री, लिलेहामर येथे एका माणसाचा खून झाला. तो समलिंगी होता. अठरा वर्षांच्या आइथुनशी त्याची रस्त्यात गाठ पडली, दोघे जवळच्या झाडीत गेले आणि आइथुनने त्याला चाकूने ३७ वेळा भोसकले. वर्षभर पोलिसांना पत्ता नव्हता, पण ‘हेल्वेते’त ये-जा करणाऱ्या कित्येकांना माहीत होते. आइथुनला १४ वर्षांची शिक्षा झाली, नऊ वर्षांहून थोडे अधिक काळाने तो सुटला आणि पुढे आपल्या जुन्या बँडबरोबर त्याने पुन्हा मंचावर ड्रमही वाजवले. शिक्षा भोगून आलेल्या माणसाने काम करू नये असे मी म्हणणार नाही. पण आपल्या पानभर लेखात या खुनाला दीड ओळ मिळाली आहे, आणि ती का मिळाली हेही उघड आहे. त्यात सैतान बसवता येत नव्हता.

आता येतो तो भाग वृत्तपत्रांचा आहे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जानेवारी १९९३ मध्ये बर्गनच्या ‘बर्गेन्स टिडेंडे’ या दैनिकाने पहिल्या पानावर एक मुलाखत छापली. नाव न देता एक तरुण सांगत होता की, चर्च आम्ही पेटवली आणि लिलेहामरचा खूनही आमच्यातल्याचाच. तो विकेर्नेस होता. पोलिसांनी त्याला उचलले, मार्चमध्ये पुराव्याअभावी सोडले, आणि त्याच महिन्यात ब्रिटनच्या ‘केरँग’ या संगीत साप्ताहिकाने हे प्रकरण सैतानी विधी वगैरे शब्दांसह मुखपृष्ठावर आणले. ज्या मुलांना तोपर्यंत नॉर्वेतही फारसे कोणी ओळखत नव्हते, ती आठ-दहा आठवड्यांत युरोपभर प्रसिद्ध झाली. मुलाखतीमागचा हेतू विकेर्नेसने नंतर स्वतःच सांगितला: लोकांना घाबरवायचे, संगीताची जाहिरात करायची आणि ‘हेल्वेते’ला गिऱ्हाईक आणायचे. त्याच सुमारास त्याची ‘आस्के’, म्हणजे ‘राख’ या नावाची रेकॉर्ड बाजारात यायची होती. तिच्या मुखपृष्ठावर जळून सांगाडा झालेल्या फान्टोफ्ट चर्चचे छायाचित्र होते आणि सुरुवातीच्या प्रतींबरोबर एक लायटर भेट दिला जात होता. असा हिशेब मांडणाऱ्याच्या अंगात सैतान संचारला होता असे आपण लिहिता, तेव्हा त्याच्या दुकानाची पाटी आपण फुकट रंगवून देता. दुकानाचे मात्र उलटेच झाले. पोलीस आणि पत्रकार यांची एवढी वर्दळ वाढली की, आर्सेथला ‘हेल्वेते’ बंद करावे लागले.

इथून पुढची गोष्ट दोन मित्रांच्या भांडणाची आहे आणि अशी भांडणे मी म्हापशाच्या, मडगावच्या, फोंड्याच्या फायलींत शेकड्यांनी पाहिली आहेत. पुढारी कोण, श्रेय कोणाचे, रेकॉर्डचे पैसे कोणाकडे अडकले. १० ऑगस्ट १९९३ च्या पहाटे विकेर्नेस एका सोबत्यासह बर्गनहून गाडीने ओस्लोला आला आणि आर्सेथच्या इमारतीच्या जिन्यात त्याने त्याला चाकूने मारले. अंगावर २३ जखमा होत्या, त्यांतल्या १६ पाठीवर. आर्सेथच माझ्या जिवावर उठला होता, मी स्वसंरक्षणार्थ वार केले, असा बचाव मांडला गेला. पाठीवरच्या १६ जखमा असताना स्वसंरक्षणाचा बचाव कसा टिकतो, हे मला कोणी सांगायला नको. तो टिकला नाही. अटकेनंतर विकेर्नेसकडे सुमारे १५० किलो स्फोटके आणि ३,००० काडतुसे सापडली. १६ मे १९९४ रोजी त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली, जी नॉर्वेच्या कायद्यातली तेव्हाची कमाल शिक्षा होती. सोबत्याला आठ वर्षे. बळी नाही, विधी नाही, वेदी नाही. पहाटेची वेळ, जिना आणि एकमेकांवर जळणारे दोन तरुण, एक पंचविशीतला आणि एक विशीतला.

निकालानंतर सुमारे आठवडाभराने मेहेमची जी रेकॉर्ड प्रसिद्ध झाली, तिच्यात गिटार आर्सेथची आहे आणि बास विकेर्नेसचा. मृताच्या आईवडिलांनी तो बास काढून टाकण्याची विनंती केली होती. ड्रमरने तो तसाच राहू दिला. मारणारा आणि मेलेला एकाच गाण्यात साथीला बसले आहेत, असे दुसरे ध्वनिमुद्रण मला तरी ठाऊक नाही. नातवाने मला ते ऐकवायचे म्हटले, तेव्हा मी नको म्हणालो.

‘सैतान’ शब्दाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. विकेर्नेस २००९ मध्ये सुटला, फ्रान्समध्ये जाऊन राहिला आणि तिथल्या न्यायालयाने २०१४ मध्ये त्याला वांशिक द्वेष चिथावल्याबद्दल सहा महिन्यांची स्थगित कैद आणि ८,००० युरो दंड ठोठावला. जर्मनीतील सोंडर्सहाउझेन गावी एप्रिल १९९३ मध्ये ‘अब्सुर्ड’ या बँडच्या १७ वर्षांच्या मुलांनी १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा गळा आवळून खून केला. पुढे तुरुंगात असतानाच त्यांच्या नावाने निघालेल्या कॅसेटवर त्याच मुलाच्या थडग्याचे छायाचित्र छापले गेले. त्यांच्यातला एक जण पुढे नाझी विचारांचा उघड प्रचारक झाला. या संगीताची एक शाखा आजही त्या विचारांवर चालते. नॉर्वेने स्वतःपुरता यातून मार्ग काढला आहे. ओस्लोत २००१ पासून ईस्टरच्या सुटीत ‘इन्फर्नो’ नावाचा महोत्सव भरतो, २०११ मध्ये डिमू बोर्गिर हा बँड तिथल्या नभोवाणीच्या वाद्यवृंदासह एका मंचावर बसला आणि बहुसंख्य वादक पन्नाशीतले, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. पण द्वेषाची जी शाखा उरली तिला ओळखायला लोकांना वेळ लागतो, कारण सगळे अजून शिंगे आणि शेपटी शोधत असतात.

लोण पसरते का, असे आपण विचारले आहे. पसरते, पण कशाने ते पाहा. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०१९ च्या वसंतात दहा दिवसांच्या आत कृष्णवर्णीय बाप्टिस्ट समाजाची तीन चर्चे जळाली. तिन्ही शंभर वर्षांहून जुनी. आग लावणारा २१ वर्षांचा मुलगा एका पोलीस अधिकाऱ्याचा होता. नॉर्वेतल्या प्रकरणाची नक्कल केली की ब्लॅक मेटल वादक म्हणून आपले नाव होईल, हा हेतू त्याने स्वतः कबूल केला. जळणाऱ्या चर्चची छायाचित्रे त्याने फेसबुकवर टाकली होती. त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे २६ वर्षांनी जे त्याच्यापर्यंत पोहोचले ते गिटारचे स्वर नव्हते, ती कीर्ती होती. आणि ती कीर्ती रचण्यात पहिल्या पानांचा वाटा मोठा होता.

दुसऱ्या बाजूचा धोकाही माझ्यासारख्याने सांगितलाच पाहिजे. १९९३ याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, वेस्ट मेम्फिस गावी, आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. गावाला सैतानी विधीचा संशय आला आणि पोलिसांनी तीन तरुण पोरांना धरले. काळे कपडे, मेटल संगीत, जादूटोण्याची पुस्तके, असला पुरावा न्यायालयापुढे मांडला गेला; मंदबुद्धी असलेल्या एकाकडून कित्येक तासांच्या चौकशीनंतर कबुलीजबाब घेतला गेला, जो त्याने नंतर नाकारला. एकाला देहदंड, दोघांना जन्मठेप. पुढे डीएनए तपासणीत घटनास्थळाशी त्यांचा संबंध जुळला नाही. तरीही ऑगस्ट २०११ मध्ये ते सुटले ते निर्दोष म्हणून नव्हे, तर एका कायदेशीर तडजोडीने, आणि तोवर १८ वर्षे गेली होती. ‘सैतान’ हा शब्द एकदा तपासाच्या कागदात शिरला की, तो काढायला एवढा वेळ लागतो. २०१७ च्या पावसाळ्यात दक्षिण गोव्यात रस्त्याकडेचे क्रूस आणि कुडचड्याच्या दफनभूमीतील थडगी फोडली गेली, तेव्हा पुराव्याचा पत्ता नसताना मोबाइलवर किती जणांनी किती जणांना आरोपी ठरवून टाकले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

गावातल्या तक्रारीविषयी दोन शब्द. आवाजाची तक्रार असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आहे; तो या मुलांना लावावा, आणि लावताना नरकासुराच्या रात्रीही तो आठवावा. मुलांचा कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. त्यांची गाणी मी वाचायला मागितली. एक खाणींच्या लाल धुळीवर आहे, एक आजीच्या गोष्टीतल्या देवचारावर. बाकीची मला समजली नाहीत, पण त्यांत जाळपोळ नाही.

नातवालाही मी मोकळे सोडलेले नाही. कुरिअरने मागवलेला त्याचा एक काळा शर्ट आहे आणि त्यावर तोच फान्टोफ्टचा जळका सांगाडा छापलेला आहे. तो घालून तो एकदा देवळाच्या पायऱ्यांवर बसला होता. मी त्याला चर्च फोर्टुनहून कसे नेले ते सांगितले, वेर्णे सांगितले, आणि मग विचारले की, लिलेहामरला मेलेल्या माणसाचे नाव तुला ठाऊक आहे का. त्याला मारणाऱ्याचे मूळ नाव, टोपणनाव, बँड, सगळे पाठ होते. मेलेल्याचे नाव त्याला आले नाही. मग तो आपल्या पुरवणीत पाहू लागला, तर तिथेही नव्हते.

तरी माझी विनंती एवढीच आहे की, पुढील चुकांची दुरुस्ती आपण छापावी. ‘५० चर्च जाळली’ याऐवजी ‘सुमारे ५० हल्ले झाले’ असे हवे. फान्टोफ्टच्या आरोपातून विकेर्नेस सुटला होता आणि त्याची शिक्षा जन्मठेपेची नव्हे, २१ वर्षांची होती. आर्सेथचा खून हा बळी नव्हता. आणि मुलांच्या बँडचे जे छायाचित्र आपण ‘सैतानाचे नवे भक्त’ या ओळीखाली छापले आहे, त्यात डावीकडून दुसरा उभा असलेला मुलगा बँडमधला नाही. तो मंडपवाल्याचा मुलगा आहे, खुर्च्या मोजायला आला होता आणि त्याच्या घरचे आपल्यावर रागावले आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिरस्तेदार,
म्हार्दोळ, फोंडा - गोवा